दुसरा घाव

त्यांना सगळी गल्ली कोंबडीवाल्या काकू म्हणायची आणि त्यांच्या नवऱ्याला शिंपीकाका. खरं तर शिवणकाम सुटून बावीस वर्षं होऊन गेली होती, पण नाव एकदा चिकटलं की ते असं सहजी उसवत नाही. मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांची दुकानं थाटली गेली, तसे काकांकडे नुसते पँटी आखूड करून घेणारे येऊ लागले. एक दिवस त्यांनी शिलाईयंत्रावर खोळ चढवली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड उभं केलं. पहिल्या खेपेला शंभर पिल्लं आणली. पुढे अडीचशेपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दोघांच्या हातांना झेपेल तेवढंच करायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं.

कामाची वाटणीही तेव्हाच झाली. त्यासाठी दोघांना एक शब्दसुद्धा बोलावा लागला नाही. पाळायचं काकांनी, कापायचं काकूंनी.

एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून आली की काका पुढचे दोन आठवडे घरात फक्त जेवायला यायचे. बल्बची दोरी बोटाबोटानं वरखाली करत बसायचे. पिल्लं बल्बखाली दाटी करून बसली तर त्यांना थंडी वाजतेय, कडेकडेला पळाली तर उकडतंय, आणि सगळीकडे पांगून पसरली तर सुखात आहेत, असा त्यांचा हिशोब. खाली अंथरलेलं भाताचं तूस रोज उकरायचे, ओलं झालं की तेवढंच काढून कोरडं घालायचे. आणि बोलायचे! "काय गं, पाण्यात पाय घालूनच प्यायचं असतं का?" "ए पैलवान, दुसऱ्यालाही चोच आहे की." काकूंना स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. बायकोशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस तिथे दहा तास बोलायचा. त्याचं काकूंना कधी वाईट वाटलं नाही. उलट, तो आवाज थांबला की त्या डोकावून बघायच्या, काही झालं तर नाही ना.

खेप तयार झाली की शुक्रवार कापायचा; त्या दिवशी मात्र काका सकाळी आठला सायकल काढायचे. खाद्याचा भाव विचारून येतो, जाळीची तार आणतो, काहीतरी निमित्त. परतायचे ते दुपारी, फरशी धुऊन वाळल्यावर. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कोपऱ्यावरचे खानावळवाले दर शुक्रवारी चाळीस कोंबड्या घ्यायचे, ते तर तोंडावर म्हणायचे, "काकू, आमच्याकडे मी आणतो आणि बायको शिजवते. तुमच्याकडे काका वाढवतात आणि तुम्ही संपवता."

"मग? मी संपवलं नाही तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय वाढाल, रिकामी बशी?" काकू हसून म्हणायच्या.

काकूंचे वडील बाजारात कोंबड्या कापायचे. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं, आणि ते शिकवणं फार कडक होतं. सुरी रोज परजायची. पक्षी हातात असताना बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. भिंतीवरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात, डोकं खालून बाहेर येईल असा, उलटा सोडला की एक क्षण थांबायचं, तो शांत होऊ द्यायचा, डाव्या हातानं डोकं धरून अंगठ्याखाली नाडी शोधायची आणि मग एकच घाव. "दुसरा घाव घालायची पाळी आली," ते म्हणायचे, "तर समजायचं, पहिला आपण नीट मन लावून घातलाच नाही. त्या जिवानं आपल्याला एकदाच मान दिलीय, दोनदा मागायची नाही." काकू तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आता त्यांचं वय बावन्न होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधीही दुसऱ्यांदा मागितली नव्हती.

घर आणि शेड यांच्यामधली धुण्याची खोली हे त्यांचं राज्य. खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीला कोपऱ्यातल्या जाळीकडे उतार, भिंतीवर पत्र्याची चार नरसाळी, खाली पन्हळ. एका बाजूला शेगडीवर मोठं पातेलं, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या पाण्याची टाकी. मदतीला काकांची धाकटी बहीण यायची. दोन घरं पलीकडे एकटी राहायची. पिसं काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तोंडाच्या बाबतीतही नव्हतं. काकू तिला वन्सं म्हणायच्या. नणंद पिसं काढता काढता गल्लीतल्या निम्म्या लोकांचीही काढायची.

त्या वर्षी पहिल्यांदा पाण्यानं दगा दिला. कापलेली कोंबडी गरम पाण्यात बुडवली की पिसं सैल होतात, पण पाणी नेमकं हवं. काकूंकडे थर्मामीटर नव्हता. उजव्या हाताचं बोट दोनदा बुडवता यावं आणि तिसऱ्यांदा नको वाटावं, की झालं पाणी. त्या शुक्रवारी त्यांनी बोट तीनदा बुडवलं, चारदा बुडवलं आणि आच वाढवली. पहिलीच कोंबडी नणंदेनं हातात घेतली तर पिसांबरोबर कातडीही निघून आली.

"अगं बाई! वहिनी, हे पाणी आहे की उकळता लाव्हा?" नणंद हात झटकत म्हणाली.

"शेगडी जरा मोठी राहिली," काकू म्हणाल्या.

तीन कोंबड्यांची कातडी गेली. त्या त्यांनी घरासाठी ठेवल्या. बोटाकडे पाहिलं तर ते लाल झालं होतं, टोकाला फोड धरत होता. दुखत मात्र नव्हतं.

हाताला मुंग्या दोन वर्षांपासून यायच्या. सकाळी उठल्यावर हात झटकावा लागायचा. कप सुटायचा, ब्लाउजचं हूक लागायचं नाही. वय झालं, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या. पुढच्याच आठवड्यात कोंबड्यांचं पोट साफ करताना टाकीतलं पाणी लाल व्हायचं थांबेना. एक कोंबडी धुतली, दुसरी धुतली, तरी लालच. नणंदेनं त्यांचं मनगट पकडून वर केलं. अंगठ्याजवळ चांगला इंचभर कापलं होतं, रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि काकूंना पत्ताच नव्हता.

"वहिनी, हे कधी लागलं?"

"आत्ताच असेल."

"असेल? म्हणजे तुम्हाला कळलं नाही?"

काकूंनी फडकं गुंडाळलं. "यांना सांगू नका, वन्सं. उगाच घाबरतील."

"नाही सांगत. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तुमच्या हाताला काहीतरी झालंय."

"पुढची एक खेप होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला."

त्या खेपेला तीन शुक्रवार लागणार होते. पहिल्याच शुक्रवारी ते घडलं.

पन्नास कोंबड्या झाल्या होत्या. एक्कावन्नावी पांढरीशुभ्र, वजनदार. नरसाळ्यात सोडल्यावर ती शांत झाली. काकूंनी डोकं धरलं, सुरी टेकवली आणि ओढली. सुरी पुरेशी दाबली गेली असं त्यांना वाटलं, पण बोटांना मुठीचा अंदाजच नव्हता. घाव वरवर बसला. कोंबडी अशी ओरडली, की नणंदेच्या हातातलं पातेल्याचं झाकण खाली पडलं. कोंबडीनं अंग आकसलं, पंख झटक्यानं बाहेर काढले आणि ती नरसाळ्यातून उसळून खाली फरशीवर पडली. मान अर्धवट चिरलेली, छातीवर लाल पट्टा, आणि ती पळत होती. भिंतीवर आपटली, पुन्हा उठली आणि बर्फाच्या टाकीखाली जाऊन बसली.

काकू ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसल्या, मग पोटावर झोपल्या आणि टाकीखाली हात घातला. कोंबडी मागे सरकली. काकूंना तिचा श्वास ऐकू येत होता, भोकातून हवा जावी तसा. शेवटी डाव्या हाताला पाय लागला. त्यांनी तिला हळूच ओढून छातीशी धरलं. उजव्या हातातली सुरी घट्ट धरलीय की नाही हे बघण्यासाठी त्यांना हाताकडे बघावं लागलं. मग त्यांनी दुसरा घाव घातला.

ती निपचित झाल्यावर काकूंनी सुरी खाली ठेवली.

"शेगडी बंद करा, वन्सं," त्या म्हणाल्या. "आज एवढंच."

क्रेटमध्ये अजून तीस कोंबड्या होत्या. दोघींनी त्या परत शेडमध्ये सोडल्या. दुपारी काका सायकल लावून आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"त्या तीस परत कशा आल्या?"

"हात दुखतोय."

काकांनी घरातून बाम आणून काकूंच्या मनगटाला हळूहळू चोळला. पण चोळताना त्यांचा चेहरा खुलला होता, त्या तीस परत आल्या म्हणून. थोड्याच वेळात ते शेडमध्ये जाऊन परत आलेल्यांशी बोलायला लागले. काकू धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना तो आवाज नकोसा झाला.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला. डोळे मिटायला सांगून बोटांना पिन टोचली. काकू गप्पच.

"टोचतंय का?"

"सुरुवात केली का तुम्ही?" काकूंनी विचारलं.

मनगटातली नस दबली होती. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस बसलं होतं. वर्षानुवर्षं एकच मूठ, गार पाणी, गरम पाणी. "किती दिवस झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील सात-आठ महिने."

"दोन वर्षं, डॉक्टर," नणंद मागून म्हणाली. "ह्या वयातही ह्यांना आठ महिने नि दोन वर्षं यांतला फरक कळत नाही."

छोटं ऑपरेशन करून नस मोकळी करायची होती. दीड महिना हातात काही धरायचं नव्हतं. "दुखणं जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण स्पर्श किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही. उशीर केलात."

सोमवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी शेडमधल्या कोंबड्या सहा आठवड्यांच्या पुढे गेल्या होत्या. ह्या जातीला थांबता येत नाही. अंगात मांस चढत राहतं आणि पाय तेवढेच राहतात. दोन जणी आधीच पायांनी लुळ्या पडल्या होत्या, एक सकाळी उताणी मरून पडलेली सापडली. त्यात उन्हाळा. खानावळवाल्यांनी ओळखीचा एक कापणारा बाजारातून पाठवून दिला.

आडदांड माणूस. आल्या आल्या त्यानं मोबाइलवर गाणी लावून तो खिडकीत ठेवला. "मावशी, तुम्ही खुर्ची घ्या. दोन तासांत ऐंशी करून देतो."

नरसाळ्यांकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. एका पंखाला धरून कोंबडी ओढायची, सुरी फिरवायची आणि अर्धमेली तशीच पिंपात फेकायची. आतून धाडधाड आवाज यायला लागला. त्यावर त्यानं झाकण ठेवलं आणि झाकणावर पाय.

"नरसाळ्यात घाला," काकू म्हणाल्या.

"वेळ जातो, मावशी."

"जाऊ दे वेळ."

"बाजारात असंच चालतं." त्यानं पुढची ओढली. काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज झाला. गाण्याच्या तालावर तो मान हलवत होता.

अकरा झाल्या होत्या. काकू खुर्चीवरून उठल्या आणि डाव्या हातानं शेगडी बंद केली. "तुम्ही निघा."

"आता काय झालं?"

"तुमचं दिवसाचं जे होतं ते घ्या आणि निघा."

तो चकित झाला, मग चिडला. "कोंबडी आहे हो, मावशी! माणूस असल्यासारखं काय करता?" त्यानं हात धुतले, मोबाइल उचलला आणि दार आपटून गेला. गाणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. नणंदेनं पिंपाचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं.

काका नेहमीच्या वेळेला परतले तेव्हा एकोणसत्तर कोंबड्या क्रेटमध्येच होत्या, चोची उघड्या टाकून धापा टाकत. नणंद त्यांच्यावर पाणी शिंपडत होती. काकू सावलीत बसल्या होत्या, बँडेज बांधलेला हात मांडीवर.

"हे काय? तो आला नाही?"

"आला होता. घालवला मी त्याला." काकूंनी सगळं सांगितलं. काकांनी पिंपाच्या दिशेनं एकदाच पाहिलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "सोडू यांना परत."

"आणि पुढच्या शुक्रवारी? त्याच्या पुढच्या?" नणंद म्हणाली. "पाय लुळे पडतायत त्यांचे, दादा. जिवंतच विकून टाकायच्या का? ट्रकवाला उद्या येईल."

"ट्रकवाला नको. दहा-दहा जणींना पायांना धरून लटकवतो. मी नाही बघू शकत."

नणंदेनं हातातलं भांडं खाली आदळलं. "ट्रकवाला नको. बाजारवाला नको. वहिनीचा हात गेलाय. मी पिसं काढीन, आतडी काढीन, पण जिवंत जनावरावर सुरी धरायची माझ्यात हिंमत नाही, हे मी आधीपासून सांगतेय. आणि तू निघालास सायकलवरून उंडारायला! मग काय, हवापालटाला पाठवूया यांना?"

एका क्रेटमध्ये एक कोंबडी दुसरीच्या अंगावर कलंडली आणि तशीच पडून राहिली. काका तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, शिंपी दुमडतो तशा, सारख्या.

"सुरी कुठे असते?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत त्यांनी ती खोली कामाच्या वेळी पाहिलीच नव्हती. काकूंनी त्यांना ॲप्रन बांधायला लावला, पहिली कोंबडी क्रेटमधून कशी उचलायची ते दाखवलं. "दोन्ही पंख अंगाशी धरा. हां. आता उलटी. सोडा आत. थांबा जरा." त्या काकांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डाव्या हातावर आपला डावा हात ठेवला. काकांचा अंगठा त्यांनी पिसांमधून जबड्याखाली नेला.

"लागतंय?"

"धडधडतंय."

"तिथेच. दाबून, एकदाच. बघत बघत करा, डोळे मिटू नका. मिटले तर तिला त्रास होतो."

काकांनी डोळे मिटले नाहीत.

कापडावर वीस वर्षं कात्री चालवलेला हात होता तो; त्याला सरळ रेषा माहीत होती. घाव असा बसला की काकूंनीसुद्धा मनातल्या मनात वडिलांची आठवण काढली. पुढच्या कोंबडीला त्यांनी हात धरला नाही, नुसत्या जवळ उभ्या राहिल्या. दहाव्या कोंबडीनंतर सांगायचंही काही उरलं नाही. काकांचे ओठ घट्ट मिटलेले, कानशिलावरून घाम. एकोणसत्तर झाल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. त्यांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि नळाखाली हात धरले. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. नळाचा आवाज थांबेना, तेव्हा नणंदच उठून बंद करून आली.

पुढचे दोन शुक्रवारही त्यांनीच केले. सायकल भिंतीला टेकलेलीच होती. खानावळवाले कोंबड्या न्यायला आले आणि एक उचलून मानेकडे निरखून बघत म्हणाले, "वा, काका! काकूंना मागे टाकलंत की! इतकी वर्षं ही कला कुठे लपवून ठेवली होती?" काका तसेच आत निघून गेले. खानावळवाल्यांना कळेना, आपण काय चुकीचं बोललो.

शेड रिकामं झालं. धुऊन, चुना मारून पंधरा दिवस तापू दिलं आणि नवी पिल्लं आली. काकूंचं बँडेज सुटलं होतं. हात आता दुखत नव्हता, पण अंगठा आणि पुढची दोन बोटं जाड हातमोजा घातल्यासारखी होती. त्या डब्यातल्या मोहरीत हात घालायच्या आणि काहीच हाती लागलं नाही असं वाटून बाहेर काढायच्या, तर मुठीत दाणे असायचे.

त्यापेक्षा त्यांना शेडमधली शांतता जास्त खुपत होती. काका पिल्लांना खाद्य घालत होते, पाणी भरत होते, पण दारातून, हात लांब करून. बल्ब पहिल्या दिवशी जिथे बांधला तिथेच होता. शब्द तर एकही नाही. काकू स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या राहायच्या आणि फक्त चिवचिवाट ऐकायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये गेल्या. रात्री पाऊस होऊन गारठा पडला होता. पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसली होती, आणि काकूंनी वरची बाजूला केली तर तळाशी सतरा मेलेली निघाली. चपटी, पिवळी, अजून मऊ. काकांच्या हातून इतकी पिल्लं कधीच गेली नव्हती. काका मागून येऊन उभे राहिले.

"बल्ब खाली घ्यायचा राहिला," ते म्हणाले.

"राहिला की घेतला नाहीत?"

काका पायानं तूस सारखं करत राहिले.

"अहो, मी विचारतेय. तुम्ही यांच्याशी बोलतसुद्धा नाही हल्ली."

"काय बोलू?" काकांचा आवाज चढला. काकूंनी तो कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "लाडानं बोलायचं आणि सहा आठवड्यांनी याच हातानं... कुठल्या तोंडानं बोलू?"

"सहा आठवड्यांनी काय होतं, ते आधी माहीत नव्हतं तुम्हाला?"

"आधी तू होतीस!"

ते बोलून गेले आणि स्वतःच दचकले. काकू मेलेली पिल्लं ओच्यात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"मी होते, म्हणजे?"

"म्हणजे... तुला त्याचं काही वाटत नाही." काका तुसाकडे बघत म्हणाले. "तुझ्या वडिलांचं काम. लहानपणापासूनचं. मला वाटायचं, तुला सवयच आहे. तू खानावळवाल्याशी हसतेस, बोलतेस..."

काकूंना आधी राग आला नाही. त्या खाद्याच्या पोत्यावर बसल्या.

"शुक्रवारी सकाळी मी काय खाते?" त्यांनी विचारलं.

"तू कुठे खातेस? शुक्रवारी तुला पित्त असतं."

"शुक्रवारीच का असतं हो? सोमवारी का नाही?" काकूंनी ओच्यातली पिल्लं सावरली. "बावीस वर्षं तुम्ही मला सायकलवरून पित्ताच्या गोळ्या आणून दिल्यात. एकदा तरी मनात आलं का, की हिला दर शुक्रवारीच घास का गिळत नाही? तुम्हाला बघवत नाही म्हणून मी केलं. मला बघवतं म्हणून नाही केलं."

काकांनी तुसावरची नजर वर केली.

"तुम्ही प्रेमळ ठरलात. सगळी गल्ली म्हणते, काकांचा जीव किती हळवा. आणि मी ती कापणारी. चालेल, म्हटलं, म्हणू देत. पण घरातसुद्धा तेच होतं, हे मला आज कळतंय."

शेडच्या दुसऱ्या टोकाला पिल्लं पुन्हा गोळा होत होती. काका पुढे गेले, दोरी सोडून बल्ब चार बोटं खाली घेतला, गाठ मारली आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. काकू बघत राहिल्या. उठून जवळ जावं असं त्यांना वाटलं, आणि नाही गेल्या. दोन्ही खरं होतं.

सतरा पिल्लं त्यांनी एकटीनं शेडमागे पुरली, डाव्या हातानं खड्डा खणून.

धंदा बंद करावा का, यावर त्यानंतर घरात बरंच बोलणं झालं. नणंद म्हणाली, अंड्यांच्या कोंबड्या ठेवा. काकांनी विचारलं, म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं काय करायचं? मुलीनं फोनवर सांगितलं, सगळं सोडून माझ्याकडे या. दोघंही "बघू" म्हणाले. या वयात दुसरं काय येतं आपल्याला, असं दोघांच्याही मनात होतं आणि दोघांनीही ते म्हटलं नाही. शेवटी एवढंच ठरलं की पुढची खेप दीडशेची, आणि कापायचं फक्त घरच्यांनी. काकूंनी सुरी पुन्हा हातात घेऊन पाहिली होती, एका भोपळ्यावर. डोळे मिटले की मूठ हातात आहे की नाही कळत नव्हतं. त्यांनी ती काकांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्याकडून आता होणार नाही. झालं तर चुकीचं होईल."

तेव्हापासून शेड काकू बघतात. सुरुवातीला त्यांना काही जमेना. बल्ब खाली घ्यायचा तिथे वर घ्यायच्या. काका दारात उभे राहून सांगतात, आता थोडं वर, आता पुरे. क्वचित एखाद्या पिल्लाला काहीतरी म्हणून जातात आणि मग स्वतःच गप्प होतात. त्यांचं वजन उतरलंय. काकूंनी रागानं बोललेलं मागे घेतलेलं नाही, आणि काकांनी माफीही मागितलेली नाही. पण शुक्रवारी सकाळी चहाबरोबर दोघंही नुसते बसतात, आणि पाव तसाच राहतो.

काल-परवाच्या शुक्रवारची गोष्ट. काकू क्रेटमधून एकेक कोंबडी काढून काकांच्या हातात देत होत्या. बारावी देताना काकांनी ती घेतली, पण नरसाळ्यात सोडली नाही. दोघांच्या चार हातांत ती गुपचूप बसली होती.

"याची सवय होते का गं?" काकांनी विचारलं. कामाच्या वेळी बोलायचं नसतं, हे त्यांनाही आता माहीत होतं.

काकूंना खोटं सांगावंसं वाटलं. "कामाची होते," त्या म्हणाल्या. "कोंबडीची नाही होत."

काकांनी मान हलवली. कोंबडी नरसाळ्यात सोडली, एक क्षण थांबले.

"पाणी तापलंय, वहिनी," नणंद शेगडीपाशी म्हणाली. "मी बोट घालून बघितलंय, तुम्ही नका घालू."

काकूंनी वाकून तेरावी उचलली.